अनडिफाइन्ड सभासद

सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल लोकांच्या मनात नको तेवढा आदर असतो. लग्नाच्या हॉलमध्ये कोणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि आपण "सॉफ्टवेअर" म्हणालो, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे थेट इस्रोचा नियंत्रण कक्ष उभा राहतो. "म्हणजे ते एआय वगैरे का?" असा पुढचा प्रश्न येतो. त्यावर "वगैरे" एवढंच म्हणावं आणि मठ्ठ्याकडे वळावं. खरं उत्तर सांगण्यात अर्थ नसतो. खरं उत्तर असं, की या धंद्यातली निम्मी जनता हयातभर टेबलं काढते. निकाल, पासबुक, गाड्यांचं वेळापत्रक, पगारपत्रक, क्रिकेटचा धावफलक, सगळी टेबलंच. ज्युनियर माणूस टेबल काढतो, सीनियर त्यात एक रकाना वाढवतो, लीड तो रकाना काढायला लावतो आणि आर्किटेक्ट "मुळात टेबलाची गरज आहे का?" असं विचारून घरी जातो. मी सीनियर आहे.

टेबलाची कृती कोणालाही जमेल अशी आहे. आधी टेबल उघडायचं. मग एक ओळ उघडायची, तिला टीआर म्हणतात. ओळीत घर उघडायचं, ते टीडी. घरात मजकूर टाकायचा, घर बंद करायचं, पुढचं उघडायचं, सगळी घरं झाली की ओळ बंद करायची. माणसं अठ्ठ्याऐंशी असली तर हे अठ्ठ्याऐंशी वेळा कोण लिहीत बसणार? म्हणून लूप. एक ओळ कशी काढायची ते एकदाच सांगायचं आणि "यादी संपेपर्यंत हेच करत राहा" असं म्हणून सर्व्हरला सोडून द्यायचं. हे तुमच्या मोबाइलवर घडत नाही, दूरच्या कुठल्या तरी एसी खोलीत घडतं. तुम्ही पान उघडलंत की सर्व्हर सगळं टेबल पहिल्या ओळीपासून रचतो, तुमच्याकडे पाठवतो आणि तुम्हाला विसरतो. पुढच्या माणसाने मागितलं की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा नाही, कुरकुर नाही, "आत्ताच तर दिलं होतं" नाही. त्याची अट एकच: सगळ्या ओळी एकसारख्या हव्यात.

आणि नेमक्या याच अटीवर गृहनिर्माण संस्थेची स्थापना झालेली नसते.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्याला आहे. दोन विंगा, प्रत्येकी अकरा मजले, मजल्याला चार फ्लॅट. तिची वेबसाइट पाहणारे गृहस्थ फ्लॅट विकून बाणेरला गेले. जाताना त्यांनी किल्ल्या नव्या मालकाला, तुळस शेजारच्या काकूंना आणि कोड मला दिला. फाइलीचं नाव होतं 'इंडेक्स फायनल न्यू २ खरंच फायनल'. आत जागोजागी त्यांनी पुढच्या पिढीसाठी शेरे लिहून ठेवले होते. 'इथे हात लावू नये.' 'हे का चालतं माहीत नाही.' 'तात्पुरतं.' 'सभेत ठरलं आहे, वाद घालू नये.'

सगळं पीएचपीत होतं. ही भाषा रासमुस लेरडॉर्फ नावाच्या माणसाने १९९४ च्या सुमाराला सुरू केली आणि १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली. त्यामागचा हेतूही अगदी आपल्यातला होता. इंटरनेटवर ठेवलेला आपला बायोडेटा कोण कोण बघून जातं, हे त्याला बघायचं होतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकून दर दोन मिनिटांनी 'कोणी पाहिलं' हे तपासणाऱ्या मंडळींनी मनात कमीपणा आणू नये, त्याच वृत्तीतून वेबवरची एक अख्खी भाषा निघाली आहे. पुढे तिच्यात दुकानं आली, बँका आल्या आणि शेवटी आमच्या सोसायटीची थकबाकी आली.

"विशेष काही नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. "एक साधं टेबल. सभासदाचं नाव, एप्रिल ते मार्च असे बारा महिने, शेवटी थकबाकी आणि मोबाइल नंबर. आहेच ते, फक्त नीट दिसत नाही."

नीट दिसत नाही हे खरं होतं. पहिली ओळ ए-१००१ ची होती. दहावा मजला संपला की पहिला मजला सुरू व्हायचा, मग अकरावा आणि त्यानंतर दुसरा. फ्लॅटचे नंबर अक्षरं म्हणून साठवलेले असले की संगणक ते शब्दकोशातल्या शब्दांसारखे लावतो. एक, शून्य, शून्य हे एक, शून्य, एक यांच्या आधीच येणार. दहाव्या मजल्यावरच्या लोकांना ही मांडणी पटली होती. "वरून सुरुवात केली आहे, योग्यच आहे," असं त्यांचं मत पडलं. क्रम सरळ केला तेव्हा त्यांच्यातल्या एकांनी "कोणाच्या सांगण्यावरून बदललं?" म्हणून लेखी विचारणा केली.

मग ए-१०१. या फ्लॅटच्या मालकांनी एका रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजवली. हातात मोबाइल, अंगठा वरून खाली चाललेला.

"संपत नाहीये," ते म्हणाले.

"काय?"

"माझी थकबाकी."

खरंच संपत नव्हती. ए-१०१, त्याखाली ए-१०१, त्याखाली ए-१०१. लूपमध्ये एक ओळ काढून झाली की पुढच्या सभासदाकडे सरकायचं असतं. सरकण्याची ती सूचना 'तात्पुरतं बंद' असा शेरा मारून झाकून ठेवलेली होती. सर्व्हरने आज्ञा पाळली. पहिल्या सभासदाची ओळ काढली, यादी संपली का ते पाहिलं, नव्हती संपली, म्हणून पहिल्या सभासदाची ओळ काढली. पीएचपीत अशा प्रसंगासाठी तीस सेकंदांची मर्यादा असते. तेवढ्यात काम आटोपलं नाही तर ते आपण होऊन थांबतं. पण तीस सेकंदांत सर्व्हर एखाद्याची किती बदनामी करू शकतो, हे ए-१०१ च्या अंगठ्याला विचारावं. "सोसायटीत मी एकटाच राहतो का?" असं ते वारंवार विचारत होते. खाली पार्किंगमध्ये त्यांची ही ओळखच होऊन बसली. कोणी कोणाला पत्ता सांगताना "ते हो, अनंत थकबाकीवाले" असं म्हणायला लागलं.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो अठ्ठ्याऐंशीनंतरच्या ओळीने.

संगणकात यादीची मोजणी शून्यापासून होते. शून्यापासून का, यावर एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक टिपण लिहून ठेवलं आहे. त्यातला युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो आमच्या खजिनदारांना सांगायची सोय नाही. ते म्हणाले, "शून्यावा सभासद म्हणजे काय? त्याची वर्गणीही शून्य का?" असो. अठ्ठ्याऐंशी सभासद शून्य ते सत्त्याऐंशी या जागांवर बसतात. लूप 'अठ्ठ्याऐंशीपेक्षा कमी' असेपर्यंत चालवायचा. तिथे 'कमी किंवा बरोबर' असं चिन्ह पडलं की लूप एक फेरी जास्त मारतो आणि जिथे कोणीच नाही तिथलं दार वाजवतो. कोणी उघडत नाही. मग नावाच्या रकान्यात पीएचपी प्रामाणिकपणे छापतं: 'वॉर्निंग: अनडिफाइन्ड ॲरे की ८८'.

कमिटीची बैठक बसली.

"हे अनडिफाइन्ड कोण?" चेअरमननी विचारलं.

"भाडेकरू असतील," सेक्रेटरी म्हणाले. "हल्ली कोणीही येऊन राहतं. मालक कळवतही नाहीत."

"पोलीस पडताळणी झाली आहे का?"

"नावापुढे वॉर्निंग लिहिलंय म्हणजे आधी नोटीस गेलेली दिसते."

"पण थकबाकी शून्य दाखवतंय," खजिनदार म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "एक रुपया बाकी नाही. कोणी का असेना, माणूस व्यवस्थित आहे."

अशी ओळ मुळात नाहीच, हे मी समजावून सांगितलं. त्यावर चेअरमन म्हणाले, "नाही कशी, समोर दिसतेय की." ती ओळ काढून टाकली तेव्हा खजिनदार खरोखर हळहळले. वेळेवर पैसे भरणारा एक सभासद कमी झाला, असं ते अजून म्हणतात.

ओळ वाढते तशी ओळ हरवतेही. हा प्रकार मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थकबाकीवर व्याज लावण्यासाठी एक लूप होता. त्यात प्रत्येक ओळ जागच्या जागी बदलता यावी म्हणून ओळीच्या नावाआधी 'अँड'चं चिन्ह लावलेलं होतं. म्हणजे लूपच्या हातात ओळीची प्रत न देता ओळच द्यायची. लूप संपतो, पण हातातली शेवटची ओळ, म्हणजे बी-११०४, तो काही सोडत नाही. मग टेबल छापायला, ओळीला तेच नाव देणारा दुसरा लूप सुरू होतो आणि प्रत्येक सभासदाचा तपशील त्या अजून धरून ठेवलेल्या ओळीवर लिहीत पुढे जातो. शेवटून दुसरा सभासद लिहून शेवटच्यापाशी येतो तेव्हा तिथे शेवटून दुसराच बसलेला असतो. परिणामी बी-११०३ दोनदा, बी-११०४ बेपत्ता. पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेत यावर इशारा छापलेला आहे. पण पुस्तिकेतला इशारा आणि लिफ्टमधला 'जास्तीत जास्त सहा व्यक्ती' हा फलक आपण एकाच नजरेने वाचतो.

यातलं तांत्रिक सोडा, माणसं बघा. बी-११०३ ने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली: "माझी थकबाकी दोनदा दाखवली आहे, ही मानहानी आहे." बी-११०४ कडून चकार शब्द नाही. जिन्यात भेटले की हसायचे, मुलीच्या निकालाचे पेढे आणून दिले, दिवाळीत फराळाचा डबा पाठवला. टेबल दुरुस्त झाल्यावर आमचा संबंध 'नमस्कार'वर आला.

पार्किंगचा रकाना वाढवला तेव्हा तर टेबल सरकलं. शब्दशः. ज्यांना पार्किंग आहे त्यांच्यासाठीच ते घर छापायचं, अशी अट होती. ज्यांना नाही त्यांचं घरच छापलं गेलं नाही, म्हणून त्यांची पुढची सगळी घरं एकेक जागा डावीकडे आली. थकबाकीचा आकडा पार्किंगखाली गेला आणि शेवटच्या घरातला मोबाइल नंबर थकबाकीखाली. दहा आकडी मोबाइल नंबर रुपयांत वाचला की साधारण नऊशे ऐंशी कोटी होतात. बी-२०२ मधले निवृत्त शिक्षक स्कूटरही बाळगत नाहीत, म्हणून पार्किंग नाही, म्हणून त्यांच्याकडे नऊशे ऐंशी कोटींची बाकी. सेक्रेटरींनी त्यांना फोन केला. नंबर शोधावा लागला नाही, थकबाकीतच होता.

याउलट बी-विंगची यादी संपल्यावर 'टँकरचे पैसे वेगळे' अशी एक सूचना घालायची सेक्रेटरींची इच्छा होती. ती दोन ओळींच्या मध्ये नुसतीच छापली गेली, टीआर-टीडीच्या घरात न बसवता. ब्राउझरला हे चालत नाही. टेबलात घराबाहेर सापडलेला मजकूर तो उचलतो आणि टेबलाच्या वर नेऊन ठेवतो. हे नियमांतच लिहिलेलं आहे, आणि या नियमाला चक्क 'फॉस्टर पेरेंटिंग' म्हणतात. अनाथ मजकूर दत्तक दिला जातो. पंगतीत पान न मांडलेल्या पाहुण्याला यजमानाने दरवाज्याजवळ खुर्ची द्यावी, तसा प्रकार. सूचना बी-विंगच्या खाली हवी होती ती ए-विंगच्या डोक्यावर जाऊन बसली. टँकर बी-विंगने मागवले होते. ए-विंगच्या बायकांनी त्या संध्याकाळी मोर्चा काढला, तेव्हा मी गच्चीवर होतो, एवढंच सांगतो.

बाकी किरकोळ. बी-६०३ मध्ये मूळचं वसईचं कुटुंब आहे, डि'सोझा. त्यांच्या आडनावातला तो वरचा स्वल्पविराम डेटाबेसच्या लेखी मजकूर संपल्याची खूण. नाव शोधायला गेलं की 'डि'वर मजकूर संपायचा, उरलेल्या 'सोझा'चं काय करायचं ते डेटाबेसला कळायचं नाही आणि पान तिथेच कोसळायचं. बी-६०३ च्या पुढच्या सगळ्यांची थकबाकी वर्षभर कोणाला दिसलीच नव्हती, आणि इतक्या जणांपैकी एकालाही वेबसाइट बिघडल्याचा संशय आला नव्हता. एकदा मराठी नावांचं एन्कोडिंग चुकलं तेव्हा सगळ्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. थकबाकीदार कोण? प्रश्नचिन्ह. रक्कम बरोबर, नाव कोणाचंच नाही. असं निरुपद्रवी टेबल सोसायटीच्या इतिहासात झालं नाही. "हेच ठेवता नाही का येणार?" असं तीन वेगवेगळ्या मजल्यांवरून विचारण्यात आलं.

आकड्यांचं मात्र प्रकरण वाढलं. पीएचपीला रक्कम सुटसुटीत छापायला सांगितली की ते दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम देतं. एकूण थकबाकी साडेबारा लाख होती, ती १,२५०,००० अशी आली. खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे किती?"

"साडेबारा लाख."

"मग तसं लिहा की. हे काय मध्येच? एक, दोनशे पन्नास, शून्य शून्य शून्य. हे तीन वेगळ्या माणसांचे पैसे आहेत का?"

त्यांना १२,५०,००० पाहिजे होतं. रास्त मागणी. आपण आधी हजाराला थांबतो, मग दर दोन आकड्यांनी. लाख आणि कोटी काही मिलियनवाल्यांना विचारून ठेवलेले नाहीत. तेवढ्यासाठी वेगळा कोड लागला. तो झाल्यावर खजिनदारांनी एकूण आकडा पाहिला आणि म्हणाले, "आता जास्त वाटतेय."

तारखेने तर हद्द केली. 'शेवटचा भरणा' असा एक रकाना होता. ज्यांनी कधीच काही भरलं नव्हतं त्यांची तारीख रिकामी. रिकाम्या तारखेपुढे संगणक हात टेकतो आणि आपल्या काळाच्या आरंभाकडे जातो. तो आरंभ म्हणजे १ जानेवारी १९७०. ए-७०३ च्या शेवटच्या भरण्याची तारीख ०१-०१-१९७० आली, त्या वेळी आमच्या जागेवर ऊस होता. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज जास्तीत जास्त २१ टक्के लावता येत होतं. लूपने ते लावलं. चार हजारांवर, पंचावन्न वर्षांचं, सेहेचाळीस हजार दोनशे.

"माझा जन्म १९८२ चा आहे," ए-७०३ म्हणाले.

"वारसाहक्काने आली असेल," सेक्रेटरी म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पान उघडायला लागणारा वेळ हा आणखी एक विषय. आधीच्या गृहस्थांनी लूपमध्ये लूप घातला होता. बाहेरचा फ्लॅटचा, आतला महिन्यांचा, आणि आतल्यात प्रत्येक घरासाठी डेटाबेसला स्वतंत्र प्रश्न. "ए-१०१ ने एप्रिलचे भरले का?" उत्तर आलं. "बरं, मेचे?" उत्तर आलं. अठ्ठ्याऐंशी गुणिले बारा, म्हणजे एक हजार छप्पन्न प्रश्न, आणि अगदी सुरुवातीला "सभासद कोण कोण?" हा एक. सगळं एकदम विचारलं असतं तर एका प्रश्नात काम होतं. ते बदलल्यावर पान डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडायला लागलं. त्यावरही नाराजी. पूर्वी ते उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जायचा आणि थकबाकी पाहायची राहायची. आता ती दिसायलाच लागली.

पण लूपचा खरा छळ केला तो यातल्या कशानेही नाही. तो केला 'इफ'ने.

नियम सगळ्यांना सारखा असावा, यावर आमच्या सोसायटीत अठ्ठ्याऐंशी विरुद्ध शून्य असं एकमत आहे. त्या नियमात आपण बसत नाही, यावरही तेवढंच एकमत आहे. मूळ लूप चार ओळींचा असावा. मला मिळाला तेव्हा त्याच्या पोटात अटींचं रान माजलं होतं आणि प्रत्येक अटीला शेरा. फ्लॅट ए-२०३ असेल तर लिफ्टचा खर्च निम्मा. शेरा: 'जिना वापरतात म्हणतात.' बी-५०१ असेल आणि महिना मे असेल तर शुल्क शून्य. शेरा: 'गावी असतात.' बी-७०२ असेल तर व्याज लावू नये. शेरा: 'चिडतात.' ए-९०४ असेल तर नावात एक ए जास्त टाकावा. शेरा: 'अंकशास्त्र.' ए-४०१ आणि ए-४०२ हा जोडफ्लॅट आहे. त्याच्या मालकांच्या म्हणण्याप्रमाणे मतदानाला ते दोन, लिफ्टच्या खर्चाला एक आणि दिवाळीच्या भेटवस्तूला पुन्हा दोन. या त्रैराशिकासाठी टेबलात दोन ओळींचं एक घर करावं लागतं. ते घर महिन्यागणिक जुळतं आणि फुटतं.

मी एकेक अट काढायचं ठरवलं. बातमी कोडातून बाहेर कशी गेली कळत नाही, पण गेली. ए-६०१ मधल्या काकू भाजीची पिशवी घेऊन थेट घरात आल्या.

"तू म्हणे सगळ्यांना लूपात घालणार आहेस."

"हो काकू. म्हणजे सगळ्यांना सारखंच."

"घाल. घालायलाच पाहिजे. फार सोकावलेत लोक." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला नको घालूस. मी तुझ्या आईला ओळखते."

चेअरमनना अट नको होती. ते तत्त्वाचे पक्के. "माझ्यासाठी काही वेगळं करू नका," ते म्हणाले. "फक्त माझी ओळ लाल येते, ती तेवढी येऊ देऊ नका. पाहुणे असतात घरी." लाल रंग थकबाकीदाराला येतो, हे त्यांना ठाऊक होतं. रक्कम तशीच राहू द्या, रंग बदला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग कोणता रंग द्यावा यावर उपसमिती नेमली गेली. उपसमितीने फिका गुलाबी सुचवला. गुलाबी म्हणजे लालच, असा आक्षेप आला. शेवटी थकबाकीदारांना हिरवा आणि भरणाऱ्यांना पांढरा, असा तोडगा निघाला. त्यानंतर दोन नियमित सभासद "आम्हाला हिरवा का नाही?" म्हणून भांडायला आले.

वार्षिक सर्वसाधारण सभेत हे टेबल मंजुरीला ठेवलं. कोरम नव्हता. सभा रीतीप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा भरली. मध्ये फक्त वडे संपले. पडद्यावर टेबल लागलं. थकबाकीवर कोणी बोललं नाही. रकान्यांच्या रुंदीवर पाऊण तास चर्चा झाली. एकाचं नाव दोन ओळींत तुटत होतं, दुसऱ्याचं पूर्ण बसत होतं, त्यामुळे पहिल्याला दुसऱ्याबद्दल संशय होता. आणि बी-८०१ उभे राहून म्हणाले, "मी भरणारच होतो. पण हे टेबल बघितलं आणि मन विटलं."

मग खजिनदारांनी पिशवीतून वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. पडद्यावरची बेरीज आणि वहीतली बेरीज यांत अकरा रुपयांचा फरक निघाला. वहीत प्रत्येक सभासदाचं व्याज पूर्ण रुपयात करून मग बेरीज मारलेली. टेबलात ओळीत पूर्ण रुपये दिसत होते, पण तळाची बेरीज मूळ पैशांसकट झालेली. दोन्ही बरोबर होतं. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. सभेने शांतपणे ऐकून घेतलं आणि ठराव केला: 'संगणकातील तक्ता सर्वानुमते मंजूर. हिशेब मात्र वहीतला ग्राह्य धरावा.' सूचक ए-१०१, अनुमोदक बी-११०३.

सभा उठताना सेक्रेटरी जवळ आले. "तेवढा एक रकाना वाढवा. 'वहीप्रमाणे रक्कम'. खजिनदार फोनवर सांगतील, तुम्ही भरायचं."

"आणि दोन्ही रकमा जुळल्या नाहीत तर?"

खजिनदार वही पिशवीत घालत होते. ते वर न बघताच म्हणाले, "तर त्याच्या शेजारी आणखी एक. 'फरक'."